हिरवं दार

साडी विकायला डोळे लागतात असं ज्याला वाटतं, त्यानं कधी साडी विकलेली नाही. साडी विकायला कान लागतात आणि जीभ लागते. गादीवर बसलेली बाई साडीकडे बघून काय बोलते ते ऐकायचं आणि तेच तिच्या ताटात परत वाढायचं. "हा आमसुली जरा जास्तच झाला," असं ती म्हणाली की तो आमसुली. "आमसुलीच आहे अक्का, पण काठ तर बघा. काठानं कसा उठलाय." तिचाच रंग तिलाच विकायचा, आणि वर तिनं म्हणायचं की या पोराला रंगातलं कळतं. रतिलालशेठच्या जळगावच्या दुकानात मी सहा वर्षं हेच केलं. मोठमोठ्या घरांचे बस्ते बांधले. लग्नाचं सगळं कापड एका दुकानातून, एका बैठकीत घ्यायचं, त्याला बस्ता म्हणतात. टेम्पो भरून माणसं येतात, त्यातली निम्मी नुसती रुसायला आलेली असतात. ती दारातूनच विचारायची, "भटू आहे का? मग बसू."

आणि या भटूला, म्हणजे मला, लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही.

जन्मापासूनच दिसत नाही. मिरचीच्या तोडणीला लहानपणी मला नेलं तेव्हा घरात कळलं. लाल तोडायला सांगितलेल्या, मी पाटीभर हिरव्या तोडून आणल्या आणि बापाचा मार खाल्ला. आई, भागाबाई तिचं नाव, मला पाठीशी घालून एवढंच म्हणाली, "कोनले सांगू नको." मी कुणाला सांगितलं नाही. दुकानात लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात कपाटांचे सगळे खण पाठ केले. डाव्या भिंतीला लाल घराणं, उजव्या भिंतीला हिरवं, मधे निळं-पिवळं, त्याची मला भीती नाही. प्रत्येक साडी घडी घालून मीच जागेवर ठेवायचो. दुसऱ्या कुणी ठेवली तर त्याच्या अंगावर ओरडायचो. लोक म्हणायचे, भटूचा हात फार नीटनेटका. हात कसला, जीव मुठीत होता माझा.

नव्व्याण्णव साली शेठनी धुळ्याला दुसरं दुकान घ्यायचं ठरवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुहूर्त, आणि गादीवर मी. हे त्यांनी सगळ्या नोकरांच्या देखत सांगितलं. नुसतं दुकान नव्हतं ते. अमळनेरजवळचे जीवरामनाना त्यांच्या प्रमिलासाठी मुलगा बघत होते. आमच्याकडे येऊन पोहे खाऊन गेले होते, प्रमिलानं मला आणि मी तिला नीट बघून झालं होतं. मला ती आवडली होती. बोलताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि उत्तर मात्र सरळ डोळ्यांत बघून द्यायची. पण नाना पक्का व्यवहारी माणूस. म्हणाले, "धुयानी पाटी लागू दे, मंग सुपारी फोडूत." धुळ्याच्या दुकानाला पाटी लागली की सुपारी फुटणार, नाहीतर नाही. म्हणजे माझं अख्खं आयुष्य त्या पाटीला टांगलेलं होतं, आणि मी खुशीत होतो. गाढव खुशीत असतं तेव्हा फार जोरात ओरडतं, तसं माझं चाललं होतं.

शेठचा मुलगा लीलाधर. पुण्याला इंजिनियरिंगला होता, तिथून कशाला परत आला ते घरात कुणी बोलत नसे. त्याला रिकामा ठेवायला नको म्हणून शेठनी दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याला कॉम्प्युटरचा क्लास काढून दिला. शिकवायचा अमीन. त्याचे वडील लग्नाच्या मांडवांना रोषणाई करायचे आणि तो या नव्या खोक्यांमध्ये शिरला होता. लीलाधर स्वतः शिकवत नसे. तो खेळायचा. मशिनं एकमेकांना तारेनं जोडलेली, आणि त्यांवर बंदुकीचा खेळ. आपण एका भुयारात पळायचं, समोर दिसेल त्याला गोळी घालायची, आणि तो समोरचा म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसलेलाच कुणीतरी. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी लीलाधर आम्हा नोकरांना वर बोलवायचा. एकट्याला मारायला मजा येत नाही ना.

सुरुवातीला मी सगळ्यांचा बाप होतो. त्या मशिनांवर खेळ कळकट दिसायचा. भिंती मळखाऊ, अंधार राखाडी. बाकीच्यांना कोपऱ्यातला माणूस दिसायचा नाही, मला तो हलला की दिसायचा. मला आयुष्यभर तसंच बघायची सवय. लीलाधरला मी इतक्या वेळा मारला की तो एकदा कीबोर्ड आपटून उठून गेला. मालकाच्या मुलाला गोळ्या घालायच्या आणि वर पगारही घ्यायचा, असं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मग लीलाधर मुंबईहून थ्रीडी कार्डं घेऊन आला. एक मशीन तसंच ठेवून बाकी सगळ्यांत ती बसवली. त्याच दिवसांत त्याला नवा नाद लागला, स्वतःचे मॅप करण्याचा. मॅप म्हणजे खेळायची जागा. भिंती आपण उभ्या करायच्या, जिने आपण काढायचे, आणि दिवे आपण लावायचे. हा दिव्यांचा भाग त्याला फारच आवडला. दिवा ठेवायचा आणि त्याला तीन आकडे द्यायचे. लाल किती, हिरवा किती, निळा किती. मग मशीन बराच वेळ हिशेब करत बसायचं, कुठल्या भिंतीवर कुठला उजेड किती सांडेल ते. लीलाधर म्हणायचा, "दिवे शिजत घातलेत." शिजून झाले की त्या कळकट भुयाराचं एकदम लग्नघर व्हायचं. म्हणजे असं बाकीचे म्हणायचे.

"मांडवात आम्ही बल्बवर जिलेटीनचा कागद लावतो," अमीन म्हणाला. "उन्हानं तो फिका पडतो, पावसानं गळतो. याला ना ऊन, ना पाऊस. आकडा लिहिला की रंग पक्का."

"आणि जुन्या मशिनवर?" मी विचारलं.

"त्यावर कार्ड नाही ना. त्याला रंगीत उजेड कळतच नाही. त्यावर नुसतं उजळ आणि अंधार."

मला त्या जुन्या मशिनबद्दल एकदम माया वाटली. मी त्याच्यावरच बसायला बघायचो, पण लीलाधर उठवायचा. म्हणायचा, "अरे, नव्यावर बस, मजा घे."

त्यानं मॅप केला तो आमच्याच दुकानाचा. गाद्या, खण, जिना, गल्ला, सगळं. दोन टोळ्या करायच्या. एकीचं घर डाव्या खोल्यांत, तिथं लाल उजेड. दुसरीचं उजव्या खोल्यांत, तिथं हिरवा. दोनदा जिना उतरून वळलं की डावं-उजवं विसरायला होतं, पण त्याची गरजच नव्हती, उजेड बघितला की कळायचं आपण कुणाच्या घरात आहोत. सगळ्यांना कळायचं. मी आपलाच दरवाजा समजून शत्रूच्या खोलीत आरामात शिरायचो आणि मरायचो. एकदा अमीनला पाठीत गोळ्या घातल्या. तो माझ्याच टोळीत होता.

"भटू, आता कुठल्या खोलीत आहेस?" लीलाधरनं पलीकडून सहज विचारलं.

"हिरव्या," मी म्हणालो.

तो उठून आला आणि माझ्या पडद्याकडे बघून परत गेला. हसलासुद्धा नाही. पण त्या दिवसानंतर तो दुकानात खाली येऊन माझ्यामागे उभा राहायला लागला. मी कुठल्या खणात हात घालतो, साडी उलगडायच्या आधी बाईला काय विचारतो, घडी परत कुठे ठेवतो, सगळं बघायचा. मला वाटलं, धुळ्याची तयारी म्हणून शेठनी पाठवलाय. मी त्याला प्रेमानं शिकवत होतो. हे बघा लीलाधरभाऊ, असं करायचं, तसं करायचं.

एका दुपारी त्यानं मला एकट्याला वर बोलावलं. पडद्यावर एक रिकामी खोली होती, तिला शेजारी शेजारी दोन दारं, आणि प्रत्येक दारावर एक दिवा.

"नवा मॅप करतोय," तो म्हणाला. "तुझी नजर तेज आहे, आम्हाला अंधारात दिसत नाही ते तुला दिसतं. मला एवढं सांग, यातला कोणता दिवा जास्त उजळ आहे?"

"डावा," मी म्हणालो.

त्यानं आकडा कमी केला, दिवे शिजले, पुन्हा विचारलं. आता उजवा जरा चढा वाटत होता. त्यानं तो उतरवला. असं बराच वेळ चाललं. मला फार बरं वाटत होतं. मालकाचा शिकलेला मुलगा माझ्या नजरेचा सल्ला घेत होता. एक दिवा लाल आहे आणि एक हिरवा हे त्यानं मला सांगितलं नाही, आणि मला ते दिसायचा प्रश्नच नव्हता. फरक होता तो उजेडाच्या कमीजास्तीचा. तोच एक धागा माझ्या हातात होता, आणि तो मीच त्याला उसवून दिला.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता अगदी सारखे."

"शाब्बास," लीलाधर म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

आखाजीच्या आधी जीवरामनाना शेठना भेटायला आले. धुळ्याचं नक्की आहे ना, हे शेठच्या तोंडून ऐकायचं होतं त्यांना. सोबत त्यांची बहीण झुंबरबाई. चहा झाला. शेठ म्हणाले, "नाना, काळजी सोडा. भटूसारखी रंगाची पारख आख्ख्या जिल्ह्यात नाही." तेवढ्यात लीलाधर जिन्यावरून खाली आला आणि म्हणाला, "पप्पा, पाहुण्यांना वरचं दाखवू या ना. आपल्या दुकानाचा खेळ केलाय मी." शेठना मुलाचं काहीतरी दाखवण्यासारखं आहे याचाच आनंद झाला. सगळे वर गेलो. बाकीचे नोकरही आले.

खेळ अगदी सोपा होता. खोलीत दोन दारं. एकावर लाल उजेड, एकावर हिरवा. हिरव्यातून गेलं की पुढची खोली, तिथं पुन्हा दोन दारं. लाल दारातून गेलं की खाली आग. शेवटच्या खोलीत सोन्याचा हंडा. लीलाधरनं आधी झुंबरबाईंना खुर्चीवर बसवलं. माउस तोच हलवत होता.

"आत्या, हिरवं कोणतं ते बोट दाखवा फक्त."

"हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "मंग हाई. आते हाई." त्या हंड्यापर्यंत पोचल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग नाना बसले, तेही पोचले. शेठ उभ्या उभ्याच पोचले. म्हणाले, "यात खेळ काय आहे रे? हे तर कुणालाही येईल."

"कुणालाही," लीलाधर म्हणाला. "चल भटू."

मला कळलं. त्या क्षणी सगळं कळलं, सारखे उजळ केलेले दोन दिवे आणि पाठीवरची थाप. पळून जायला हवं होतं. पण सासरा होऊ घातलेला माणूस बघत होता, शेठ बघत होते, आणि खोटं इतकी वर्षं चाललं की माणसाला वाटतं, आणखी एकदा चालेल. मी बसलो. पडद्यावर दोन दारं. दोन्ही सुकलेल्या चिखलाच्या रंगाची. मी उजवीकडे गेलो. खाली पडलो.

सगळे हसले. चुकला असेल हात, म्हणाले. लीलाधर म्हणाला, "पुन्हा." पुन्हा तीच खोली, या वेळी साहजिकच डावं. पुढची खोली. तिथं मी थांबलो. थांबलो हेच चुकलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, समोर हिरवं आहे ना." मी एक दार धरलं आणि आगीत पडलो.

"पुन्हा," लीलाधर म्हणाला.

तो मला पुन्हा पुन्हा पाडत राहिला. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. दर वेळी तेच, "पुन्हा." अमीन म्हणाला, "बस झालं, लीलाधरभाई." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

जीवरामनाना पुढे आले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. हाच रुमाल त्यांनी आमच्याकडे पोहे खातानाही घेतला होता. "सांग बरं भटू, हाऊ रुमाल कोनता रंगना शे?"

शेतकऱ्याचा रुमाल. लालच असणार. "लाल आहे, नाना."

झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला. नानांनी रुमाल झटकून परत खांद्यावर टाकला. "हिरवा शे," ते म्हणाले. मग माझ्याशी बोलणंच त्यांनी बंद केलं आणि शेठकडे वळले. "मनी पोर मी आंधयाले देत नही. उद्या नातरं बी असाच निंघतीन. बठ्ठा गाव हसी." पोर आंधळ्याला द्यायची नाही, नातवंडंही तशीच निघतील, सगळं गाव हसेल.

आंधळा. मला कापडातलं टाचणीचं भोक दिसतं. धोतराच्या काठातला एक सुटलेला धागा मला गल्ल्यापासून दिसतो. पण जीभ, जिच्यावर मी सहा वर्षं पोट भरलं, ती त्या वेळी टाळूला चिकटली होती.

मला वाटलं होतं, शेठ भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे नवल करून बघत राहिले आणि मग पोट धरून हसायला लागले. "सहा वर्षं! अरे, सहा वर्षं तू मला रंग विकलेस!" मला काढलं नाही त्यांनी. धुळ्याची गादी दुसऱ्याला दिली आणि मला पांढऱ्याच्या काउंटरवर बसवलं. धोतर, टोपी, मांजरपाट, आणि दुखवट्याचं कापड. घरात माणूस गेलं की सोयरे जे कापड नेतात ते. मर्तिकाचंही तिथंच. "तिथं रंगाची भानगड नाही," शेठ म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं की आपण उपकार केले. ज्यांचे बस्ते मी बांधले त्या बाया मला तिथे बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. अपशकुन नको म्हणून.

लीलाधरला दुकान नको होतं, धुळंही नको होतं, माझ्याशी वैरही नव्हतं. मी त्याला एकदा विचारलं, का केलंत भाऊ? तो मनापासून गोंधळला. "अरे, मजा होती रे ती. तूच किती वेळा मारलंस मला." त्याच्या लेखी हिशेब फिटला होता. मॅपचं नाव त्यानं 'भटू' ठेवलं होतं. फ्लॉपीवर मावायचा तो. क्लासच्या पोरांनी नेला, त्यांच्याकडून पाचोऱ्याला गेला, शिरपूरला गेला. काउंटरवर पोरं यायची, दुखवट्याच्या कापडाकडे बोट दाखवून विचारायची, "हे कोणत्या रंगाचं?" आणि हसत पळायची. पांढरं, मी म्हणायचो. खरंच पांढरंच असायचं.

पावसाळा संपता संपता मी नोकरी सोडली. जायच्या आधी अमीनकडे गेलो.

"तो मॅप मला पाठ करव," मी म्हणालो.

"कशाला?"

"जिथं जाईन तिथं तो माझ्या आधी पोचलेला असेल. मला खण पाठ करता येतात, दारं पण येतील."

अमीननं मला त्याच्या घरी बसवलं आणि सगळ्या खोल्यांची दारं ओळीनं सांगितली. डावं, उजवं, उजवं, डावं, असं शेवटच्या खोलीपर्यंत. मी ती रामरक्षेसारखी घोकली. चालताना म्हणायचो, जेवताना म्हणायचो. नंतर तर डोळे मिटूनसुद्धा मी हंड्यापर्यंत जायचो. अमीन म्हणाला, "अब तुझे कोई नहीं पकड सकता." मलाही तसंच वाटलं.

धुळ्यात आग्रा रोडला मोतीलालशेठचं दुकान. मी बस्त्याचा माणूस आहे, एक दिवस बसवून बघा, असं सरळ जाऊन सांगितलं. ते गंभीर, सज्जन माणूस होते. सकाळी मी आल्या आल्या तासभर त्यांचे खण बघून घेतले, कुठे काय आहे ते नोकरांकडून काढून घेतलं. तेवढ्यात एक मोठं कुटुंब बस्त्याला आलं. मी गादीवर बसलो आणि जीभ सुटली. वरमाईनं जे म्हटलं ते तिला दिलं, मावशीनं नाकारलेलं मामीला विकलं, रुसलेल्या आत्याला शालू असा दाखवला की ती रुसायचं विसरली. दुपारपर्यंत बस्ता ठरला. मंडळी बाजारात जेवायला गेली, येऊन नेतो म्हणाली. मी गठ्ठे बांधून ठेवले. मोतीलालशेठ इतका वेळ बघत होते. म्हणाले, "सोमवारपासून या. बस्त्याची गादी तुमची." माझ्या पोटात इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा ऊन पडलं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा हितेन कॉलेजातून आला. बरोबर दोन मित्र.

"यांचं नाव काय?" त्यानं वडलांना विचारलं.

"भटू. जळगावचे आहेत. फार हुशार माणूस."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. "जळगावचे भटू?" हितेन म्हणाला. "मॅपमधले?"

मी हसलो. मी तयारच होतो. "तो मॅप होय? मालकाच्या मुलानं माझी चेष्टा केलेली. त्या दिवशी मला ताप होता, डोळ्यांपुढे अंधारी होती. लोकांनी भलतंच काय काय उठवलं. तुमच्याकडे आहे का तो? दाखवतो की."

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता. मोतीलालशेठही कौतुकानं आले. हितेननं मॅप लावला. पहिली खोली, दोन दारं, सुकलेला चिखल आणि सुकलेला चिखल. मी माउस हातात घेतला.

"हे बघा, डावं हिरवं," मी म्हणालो आणि गेलो. पुढची खोली उघडली. "आता उजवं हिरवं. इथंही उजवं. हे डावं." मी थांबलो नाही, अडखळलो नाही. माझ्या तोंडून ती दारं गिऱ्हाइकापुढच्या बोलण्यासारखी आपोआप निघत होती. मधे मधे मी रंगाचं वर्णनही करत होतो. "हा जरा पोपटीकडे झुकलाय. लाल मात्र छान डाळिंबी केलाय हो त्यानं." शेवटची खोली आली. सोन्याचा हंडा. मी खुर्ची मागे सरकवली आणि मोतीलालशेठकडे बघितलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते. पडद्याकडे बघत होते. दोन्ही मित्रांनी तोंडावर हात दाबून धरले होते.

"काका," हितेन म्हणाला, "आम्ही तो मॅप बदललाय. आग काढून टाकली, आणि दिवे सगळे लाल केले. दोन्ही दारं लाल. हिरवं एकपण नाही यात."

मग ती पोरं हसली. एकजण तर खाली बसला. मला त्यांचं काही वाटलं नाही. मी मोतीलालशेठच्या तोंडाकडे बघत होतो. तिथं हसू नव्हतं, भीती होती.

"तुम्ही सकाळी त्या लोकांना काय बांधून दिलंत?" त्यांनी विचारलं.

"बरोबर दिलंय, शेठ. त्यांनी मागितलं तेच दिलंय."

"तुम्हाला कसं कळणार?"

याला उत्तर होतं. खण, कान, जीभ, सहा वर्षं, सगळं सांगता आलं असतं. पण पडद्यावर तो हंडा अजून तसाच होता आणि वाटेतल्या एका लाल दाराला मी पोपटी म्हणालो होतो. ते बाहेर गेले. गाठी सोडून सगळा बस्ता त्यांनी गादीवर पसरला. एवढ्यात मंडळी जेवून परत आली आणि दारातच उभी राहिली. काय झालं, चोरी झाली का, असं विचारायला लागली. "काही नाही, एकदा बघून घेतो," शेठ म्हणाले. एकेक साडी उलगडून, वरमाईला दाखवून, ते विचारत होते. ताई, हा हिरवाच हवा होता ना? हा राणी ना? ती हो म्हणत होती. सगळ्याला हो म्हणाली. शालू बरोबर, मानाच्या साड्या बरोबर, खण बरोबर. एक घडी चुकीची नव्हती.

"बघा शेठ," मी म्हणालो. "सगळं बरोबर आहे."

"आज आहे," मोतीलालशेठ म्हणाले.

वरमाई माझ्याकडे बघत होती. काय ते तिला नीट कळलं नव्हतं, पण पोरं अजून हसत होती आणि शेठ घामेजले होते, तेवढं तिला पुरलं. कापड बदलायचं नाही म्हणाली, पसंत आहे म्हणाली. मी सवयीनं दोरी घेतली आणि खाली बसलो.

"यांचा हात लागू देऊ नका," वरमाई म्हणाली. "लग्नाचं आहे."

मोतीलालशेठनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि बस्ता दुसऱ्या माणसाकडून बांधून घेतला.